फोटो कुणाचा?

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आमच्या घरातला इतिहास’ असा विषय ठरला, आणि संपादक मंडळींनी सगळ्यांना ई-मेल केली की लेखाबरोबर जुने फोटो अवश्य पाठवा, स्कॅन करून पाठवलेत तर फारच उत्तम. माझ्याकडे जुने फोटो आहेत. चांगले एकोणचाळीस आहेत. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कोरियात काढलेले. पण या लेखासोबत त्यातला एकही नाही, आणि त्यामुळे मला फोन येणार हे नक्की. म्हणून कारण इथेच सविस्तर लिहून टाकते. वाचून तुम्हीच सांगा माझं चुकतंय का.

आधी अण्णा कोरियात कसे पोचले ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे हा इतिहास फारसा कुणाला माहीत नसतो. साताऱ्याकडच्या माणसानं सैन्यात जाण्यात नवल काहीच नाही. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात. अण्णा सैन्यात भरती झाले आणि वैद्यकीय तुकडीत नर्सिंगचं काम शिकले. २७ जुलै १९५३ ला कोरियात शस्त्रसंधी झाली. युद्ध थांबलं, पण एक गाठ सुटेना. दोन्हीकडच्या हजारो युद्धकैद्यांनी ‘आम्हाला मायदेशी परत जायचंच नाही’ असा पवित्रा घेतला होता. हे ते मनापासून म्हणतात की कुणाच्या धाकानं, हे ठरवायचं कुणी? त्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. आणि कैद्यांना सांभाळायला आपलीच फौज गेली, तिचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना, सिंगमन ऱ्हींना, भारतीय सैनिक आपल्या भूमीवर पाऊल ठेवायलाही नको होते, म्हणून आपल्या लोकांना इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरनं थेट दोन सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. अण्णांनी तोवर विमानही जवळून पाहिलं नव्हतं. ‘एसटीत सुद्धा मळमळायचं मला, आणि हे वर घेऊन गेले,’ असं ते सांगायचे.

संयुक्त राष्ट्रांच्या बाजूनं आपल्या ताब्यात २२,६०४ कैदी दिले. त्यातले १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियन. पलीकडच्या बाजूनं ३५९ आले, त्यात २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिशही होता. प्रत्येक कैद्याला एका तंबूत न्यायचं, त्याच्या मायदेशाचे प्रतिनिधी त्याला ‘परत ये’ म्हणून समजावणार, आणि मग त्यानं दोनपैकी एका दारानं बाहेर पडायचं. एक दार घरी जाण्याचं, दुसरं न जाण्याचं. कागदावर किती सोपं वाटतं! प्रत्यक्षात छावण्यांच्या आत कैद्यांच्याच टोळ्यांचं राज्य होतं. घरी जाण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्यांचे खून पडले. सप्टेंबरात कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून धरलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून घेऊन आले. त्यांना त्याबद्दल जे अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं, त्यालाच पुढे कीर्तिचक्र म्हणू लागले. ही गोष्ट अण्णा रंगवून रंगवून सांगायचे. घरात पाहुणे आले की हमखास.

आता अल्बम. काळी जाड पानं, मध्ये पातळ बटरपेपर, फोटोंच्या चारी कोपऱ्यांना चिकटवलेल्या त्या त्रिकोणी टोप्या. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना डोळ्यांसमोर येईलच. कॅमेरा होता साधा ब्राउनी, एका बरोबरच्या सैनिकाकडून अर्ध्या किमतीत घेतलेला. एका रोलमध्ये आठच फोटो निघायचे. हे मुद्दाम सांगते, कारण आजच्यासारखं दिवसाला दोनशे फोटो काढून नंतर पुसायचे असा मामला नव्हता. रोल महाग, धुवायला पैसे, शिवाय तो पाठवायचा कुठे हाही प्रश्न. आठपैकी एक फोटो एखाद्या गोष्टीवर खर्च करायचा तर माणूस विचार करूनच करणार.

बरेचसे फोटो निरुपद्रवी आहेत. बर्फात उभे असलेले आपले लोक, कानटोप्या आणि जाड कोट घालून, सगळे एकसारखे दिसणारे. जहाजाचा कठडा. एका तंबूबाहेर चपात्या लाटणारे दोघे. हे फोटो मी खुशाल छापायला देईन, त्यातले सगळे हौसेनं उभे राहिलेत. अडचण आहे ती नऊ फोटोंची. त्या नऊ फोटोंत कैदी आहेत.

त्यातला एक जरा वर्णन करून सांगते. स्टुलावर बसलेला एक तरुण चिनी कैदी. पंचविशीच्या आतबाहेरचा. उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केलेली, मनगटाला ताजं बँडेज, बहुधा अण्णांनीच बांधलेलं. आणि दंडापासून कोपरापर्यंत गोंदलेली चिनी अक्षरं. अण्णांनी मागे पेन्सिलीनं लिहिलंय, ‘हात. डिसेंबर ५३.’ इथे एका ओळखीच्या चिनी डॉक्टरबाईंना मी नुसता हात दाखवला, चेहऱ्यावर कागद ठेवून. त्यांनी वाचून दाखवलं, साम्यवादाला विरोध करा, रशियाचा प्रतिकार करा. अशी घोषवाक्यं त्या छावण्यांमध्ये शेकडो चिनी कैद्यांच्या अंगावर गोंदली गेली होती. काहींनी स्वखुशीनं गोंदवून घेतलं, पण कित्येकांना धरून, दाबून गोंदलं. एकदा हातावर ते आलं की चीनमध्ये परत जाण्याचं दार बंद. तंबूत त्याला कुणी काही विचारायच्या आधीच त्याच्या कातडीनं उत्तर देऊन टाकलेलं असायचं.

माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि चार ठिपके. ती म्हणायची, बाई गं, मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. आजीचं गोंदण तिला हवं होतं. या मुलाला त्याचं हवं होतं की नव्हतं, ते फोटोत दिसत नाही. दिसतो तो त्याचा चेहरा. तो कॅमेऱ्याकडे बघतोय आणि किंचित हसतोय.

आमच्या नातवाचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो. तो कॉलेजात इतिहास शिकतो, आणि हे फोटो इंटरनेटवर टाकावेत असं त्याचं ठाम मत आहे. ‘आजी, तो हसतोय. म्हणजे त्याची हरकत नव्हती.’ मला हे पटत नाही. काटेरी तारेच्या आतला माणूस, समोर वर्दीतला माणूस, आणि त्या वर्दीतल्या माणसानं नुकतीच त्याच्या जखमेवर पट्टी बांधलेली. अशा वेळी ‘फोटो काढू का’ या प्रश्नाला नाही म्हणायची सोय कितीशी असते? अण्णा सभ्य माणूस होते, त्यांनी जबरदस्ती केली नसणार, याची मला खात्री आहे. पण होकार हा नकाराची मुभा असेल तरच होकार. त्या दोन दारांच्या तंबूबद्दल जो प्रश्न पडतो, तोच या फोटोबद्दलही पडतो, फक्त लहान प्रमाणात.

युद्धकैद्यांविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या तेराव्या कलमात एक छान शब्दप्रयोग आहे. कैद्यांना मारहाणीपासून, धाकदपटशापासून, अपमानापासून वाचवायचं, आणि लोकांच्या कुतूहलापासूनही वाचवायचं. मला हे वाचून नवल वाटलं. मारहाण आणि अपमान समजू शकतो, पण कुतूहल? ते तर आपण चांगला गुण मानतो, मुलांमध्ये मुद्दाम रुजवतो. करार लिहिणाऱ्यांनी नुकतंच दुसरं महायुद्ध पाहिलं होतं. ज्याला स्वतःचं तोंड लपवता येत नाही, त्याच्याकडे नुसतं बघत राहणं हासुद्धा एक त्रास आहे, हे त्यांना कळलेलं असावं.

मी सव्वीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्स विभागात काम केलं. त्यामुळे दुसऱ्याच्या दुखण्याचा कागद हातात असणं म्हणजे काय, हे अंगात भिनलंय. आपल्या अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे पेशंट गेल्यावरही त्याची माहिती ५० वर्षं जपायची असते. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं नव्या मुली विचारायच्या. मी म्हणायची, त्याला नाही, पण त्याच्या लेकीला पडतो. तो चिनी मुलगा समजा १९९० साली गेला असेल, तर या हिशेबानं २०४० पर्यंत त्याच्या हातावरची जखम ही त्याचीच खासगी गोष्ट आहे. अर्थात हा कायदा सैनिकांच्या अल्बमला लागू नाही, मला ठाऊक आहे. पण कायद्यामागचं शहाणपण कुठेही लागू होऊ शकतं.

आणि लेकीला फरक पडतो हे नुसतं म्हणायला नाही. आयोगाचं काम संपलं तेव्हा १४,२३५ चिनी कैदी संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात परत गेले आणि तिथून तैवानला. त्यांचे आईबाप, बायका, मुलं चीनमध्येच होती. ज्या घरातला माणूस ‘पळून’ तैवानला गेला, त्या घरावर पुढच्या काळात, विशेषतः सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत, संशयाचा शिक्का बसला. उत्तर कोरियात तर आजोबांनी काय केलं यावरून नातवाची प्रत ठरवण्याची रीतच पडली, ‘सोंगबुन’ म्हणतात तिला. शिक्षण, नोकरी, राहायचं गाव, सगळं त्यावर. माझ्या नऊ फोटोंपैकी तीनमध्ये कोरियन कैदी आहेत. ते उत्तरेचे. आज कॉम्प्युटर चेहऱ्यावरून माणूस ओळखतो. १९५३ च्या चेहऱ्यावरून २०२० च्या पुढच्या एखाद्या पोराचं घराणं ओळखणं अशक्य आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि जिथे चूक झाली तर भोगणारा मी नसून दुसराच कुणी आहे, तिथे ‘बघू काय होतंय ते’ म्हणायचा अधिकार मला कुणी दिला?

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे असं मला वाटत होतं. ती हलवली माझ्या कोरियन मैत्रिणीनं. हॉस्पिटलमध्ये आम्ही दोघी शेजारशेजारच्या टेबलांवर होतो, लोणचं आणि किमची यांची देवाणघेवाण गेली वीस वर्षं चालू आहे. तिची आई उत्तरेकडून १९५० च्या हिवाळ्यात दक्षिणेला आली, मोठा भाऊ मागे राहिला. १९८३ साली दक्षिण कोरियाच्या सरकारी टीव्हीनं ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी कार्यक्रम सुरू केला. थोडा वेळ चालायचा होता, तो १३८ दिवस चालला. एकूण प्रक्षेपण ४५३ तास ४५ मिनिटं. लोक छातीवर पाट्या लावून सोलमधल्या त्या इमारतीबाहेर रात्रंदिवस उभे होते, नाव, गाव, शेवटचं कुठे पाहिलं. दहा हजारांवर कुटुंबं पुन्हा भेटली. मैत्रिणीची आईही पाटी घेऊन उभी होती, तिला कुणी भेटलं नाही. तिच्याकडे भावाचा एकही फोटो नव्हता. शेवटी शेवटी तिला त्याचा चेहरा आठवेनासा झाला होता.

मी मैत्रिणीला अल्बम दाखवला. तिनं तीन फोटोंतला प्रत्येक चेहरा सावकाश बघितला, चष्मा काढून, पुन्हा लावून. त्यात तिचा मामा नव्हता, असणारही नव्हता. मग म्हणाली, ‘तू यांना जपतेस म्हणतेस. पण यांच्या बहिणींपासूनही जपतेस.’

याला माझ्याकडे उत्तर नाही, अर्धंमुर्धंच आहे. लपवून ठेवणं म्हणजे काही न करणं नव्हे. तेही एक कृत्य आहे आणि त्याचंही कुणाला तरी दुखतं. चव्हाट्यावर मांडणं आणि पेटीत कुलूपबंद करणं, या दोनच वाटा असत्या तर मी कुठे गेले असते कोण जाणे. पण ज्याला शोधायचंय त्यानं यावं आणि बघावं, अशी तिसरी वाट निघू शकते. बघणाऱ्यालाही काही झीज सोसावी लागेल, प्रवास करावा लागेल, आपण कोण ते सांगावं लागेल. नुसत्या कुतूहलाला हे परवडत नाही, बहिणीला परवडतं. महाभारतात व्यास धृतराष्ट्राला युद्ध बघायला दृष्टी देऊ करतात, आणि तो नको म्हणतो. मला आपल्यांचा संहार बघायचा नाही, मला सांगा कुणीतरी. मग ती दृष्टी संजयाला मिळते. धृतराष्ट्राबद्दल एरवी चांगलं बोलावं असं फार काही नाही, पण बघणं आणि ऐकणं यात फरक आहे हे त्याला कळत होतं. म्हणून मी तुम्हाला तो हात शब्दांत सांगितला. चेहरा सांगितला नाही.

माझं असं ठरलं आहे. कैद्यांचे आठ फोटो एका विद्यापीठाच्या संग्रहाला मूळ स्वरूपात द्यायचे, या अटीवर की त्यांची यादी वर्णनासकट सगळ्यांना दिसावी, पण चेहरे इंटरनेटवर जाऊ नयेत. वाचायच्या खोलीत येऊन कुणीही बघावेत. नातू म्हणतो, आजी, हे फार जुनाट आहे. असेल. तो अजून भांडतो आहे, आणि खरं सांगायचं तर त्यानं भांडावं असंच मला वाटतं, कारण उद्या निर्णय त्याच्याच हातात जाणार.

अण्णांचं स्वतःचं मत काय होतं? त्यांनी अल्बम कधी लपवला नाही, पण पाहुण्यांपुढे कधी काढलाही नाही. गोष्टी थोरातांच्या सांगायचे, थंडीच्या सांगायचे, गोठलेल्या डाळीच्या सांगायचे. अल्बमच्या मधल्या एका पानावर चार टोप्या आहेत आणि मध्ये काहीच नाही. खाली लिहिलंय, ‘२ ऑक्टोबर’. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी कैद्यांनी तारांकडे धाव घेतली, आपल्या लोकांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी त्यात मेले. बाहेर गांधीजयंती होती. तो फोटो अण्णांनी काढला आणि नंतर कधीतरी अण्णांनीच काढून टाकला. मराठीत दोन्हीला ‘काढणं’च म्हणतात. ओळ मात्र त्यांनी खोडली नाही. मी ती टोप्यांसकट तशीच ठेवली आहे. ज्यानं पाहिलं त्याला विसरण्याचाही हक्क असावा, इतिहासकार काहीही म्हणोत.

कैद्यांचे फोटो नऊ म्हणाले आणि आठ दिले, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. नववा फोटो निराळा आहे. २२,६०४ आणि ३५९ मधल्या ८८ जणांनी दोन्ही दारं नाकारली. इकडेही नको आणि तिकडेही नको, आम्हाला तटस्थ देशात पाठवा. ७६ कोरियन आणि १२ चिनी. ते आपल्या फौजेबरोबर ‘अस्तुरियास’ जहाजानं फेब्रुवारी १९५४ मध्ये मद्रासला उतरले. पुढे त्यांना दिल्लीत ठेवलं, मग बहुतेक जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच राहिले. चोई इन-हून या कोरियन लेखकाची १९६० ची एक गाजलेली कादंबरी अशाच एका कैद्याच्या जहाजप्रवासावर आहे. अण्णा त्याच जहाजावर होते. नवव्या फोटोत डेकवर दोन कोरियन तरुण उभे आहेत, एकानं आपल्या कुणाची तरी फौजी टोपी डोक्यावर तिरकी घातली आहे आणि दोघेही खदखदून हसताहेत. मागे अण्णांचं अक्षर, ‘टोपीवाल्याला प्रत द्यायची.’

म्हणजे या माणसानं फोटो मागितला होता. तो कैदी उरला नव्हता, त्याला नाही म्हणता येत होतं, आणि तरी तो टोपी घालून उभा राहिला. अल्बममध्ये या फोटोची एकच प्रत आहे आणि निगेटिव्ह कुठेच नाही. जो नियम मी बाकीच्या आठांना लावला, तो इथे लावला तर अण्णांचं देणं कायमचं थकीत राहील. म्हणून याची मी चांगली मोठी प्रत काढून घेतली आहे, मूळ फोटोच्या मागच्या अक्षरासकट. साओ पावलोमध्ये बोम रेतिरो नावाचा भाग आहे, तिथे कोरियन वस्ती बरीच आहे. तिथल्या एका कोरियन मंडळाला, आपल्या मंडळासारखंच असणार ते, मैत्रिणीकडून कोरियन भाषेत पत्र लिहून घेतलं, आणि प्रत जाड पुठ्ठ्यात घालून मार्चमध्ये रजिस्टर पोस्टानं पाठवली. पोचल्याची पावती आली आहे. त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी कळवलंय की महिन्याच्या पहिल्या रविवारी म्हातारी मंडळी जेवायला जमतात, तेव्हा त्या फोटो टेबलावर ठेवणार आहेत.